ॲटलीने आवळलेलं चाक

नीट ऐका, कारण हे सांगायला लागले की माझं डोकं अजून फिरतं आणि मग मधलं काहीतरी राहून जातं.

मी वांडा. माझी पंधरा सीटची व्हॅन आहे आणि मी आमिश लोकांची ने-आण करते. ते जुन्या रीतीने राहतात, स्वतः गाडी ठेवत नाहीत, चालवत नाहीत. दुसऱ्याच्या गाडीत बसायला मात्र त्यांच्या धर्माची हरकत नाही. ओहायोच्या आमच्या या टेकड्यांत माझ्यासारख्या कितीतरी जणांची पोटं त्यावरच चालतात. कुणाला दवाखान्यात न्या, कुणाला लग्नाला, कुणाला मयताला. आणि माणसांनी भरलेली व्हॅन म्हणजे काही खेळणं नाही. मागच्या चाकांत जरा हवा कमी राहिली, की वळणावर ती अशी डुलते की चालवणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळतं. म्हणून मी रोज सकाळी टायर गार असतानाच हवा मोजते. गाडी फिरवून आणल्यावर मोजली तर आकडा फुगलेला दिसतो, तो खोटा. पुढे पंचावन्न, मागे ऐंशी. हा आकडा टायरवर वाचायचा नसतो, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो तो बघायचा. हे मी माझ्या नवऱ्याला जन्मभर समजावलं आणि तो जन्मभर टायरला लाथ मारून "ठीक आहे" म्हणत राहिला.

ॲटली यावर फार हसायचा. ॲटली म्हणजे आमच्या खोऱ्यातला आमिश, घोड्याच्या बग्ग्या बनवणारा. लाकडाच्या चाकाला लोखंडी पट्टीची धाव कशी चढवावी ते त्याच्याकडून शिकायला लांबलांबून पोरं यायची.

"हवा विकत घेतेस वांडा, हवा!" तो म्हणायचा. "आमचं चाक बघ. लाकूड कधी पंक्चर होत नाही."

"लाकूड नाही होत, पण तुझा घोडा होतो ना! परवा चढावर कोण ढकलत होतं?"

मग तो गालातल्या गालात हसायचा. या माणसाने आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. घोड्यावरसुद्धा नाही.

त्याची मुलगी इर्मा. पंचविशीची असेल. मुलांना शाळेत शिकवायची, तोवर दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा मी तिला डायलिसिसला न्यायची. जाताना ती बोलायची, येताना झोपायची. मला मूलबाळ नाही, त्यामुळे त्या पोरीत माझा जीव किती अडकला होता ते माझं मलाच कळलं नव्हतं. त्यांच्या घरात फोन नाही म्हणून हॉस्पिटलात माझा नंबर दिलेला होता. किडनी मिळाली तर फोन मला येणार, आणि मी जाऊन सांगणार, असं ठरलेलं.

तो फोन ऑक्टोबरात आला. सकाळी कडक दव गोठलं होतं. थंडीने चारी टायरांची हवा उतरली होती आणि मी अंगणात पंप लावून बसले होते, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. क्लीव्हलंडहून कुणी बाई बोलत होत्या. इर्मासाठी किडनी आहे, म्हणाल्या. लगेच निघा. दुपारच्या आत तिला आणा, नाहीतर ती यादीतल्या पुढच्या माणसाला द्यावी लागेल. तिला काही खायला देऊ नका.

मी हवा पुरी भरली, चारही चाकांवर मीटर लावून बघितलं आणि सुटले. ॲटलीच्या अंगणात तांब्याची मोठी कढई चुलीवर चढली होती. दरवर्षीसारखी सफरचंदं आटवत होते. मी खिडकीतूनच ओरडले, "इर्मा! किडनी आली!" सेवीला, म्हणजे ॲटलीची बायको, हातातला लांब दांड्याचा डाव तसाच धरून उभी राहिली. मग तिने तो शेजारणीच्या हातात दिला, एप्रन सोडला आणि गाडीत येऊन बसली. त्यांच्यापैकी कुणी ओरडलं नाही की रडलं नाही. मला हे कधी जमणार नाही बाई.

इर्मा सगळ्यात मागच्या सीटवर, उजव्या खिडकीशी बसली. तिथे तिला पाय लांब करता यायचे. ॲटली माझ्याशेजारी पुढे, सेवीला आमच्या लगेच मागच्या रांगेत. थोडं अंतर गेल्यावर मागून इर्माचा आवाज आला.

"वांडा, ज्याची किडनी आहे, त्याच्या घरी आज काय चाललं असेल?"

"तू आज तुझं बघ गं," मी म्हणाले.

आमच्या खोऱ्यातून वर मोठ्या रस्त्याला लागायच्या आधीच मागून उजवीकडे भप्‌ भप्‌ सुरू झालं. मागचं टायर बसत होतं. अशा वेळी ब्रेक दाबणारा मेलाच म्हणून समजा. मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि गाडीला आपसूक हळू होऊ दिलं. पुढे धान्याची एक बंद पडलेली गिरणी आहे, तिच्यासमोर सपाट पक्की जागा आहे. तिथपर्यंत गाडी रखडत नेली. उतारावर जॅक लावायचा नसतो, मऊ मातीवर तर नाहीच नाही.

"सगळे उतरा! कठड्याच्या पलीकडे जाऊन उभे राहा. गाडी उचलताना आत कुणी नको."

"किती वेळ लागेल?" सेवीलाने विचारलं.

"तुम्ही मला बोलण्यात गुंतवलं नाहीत तर कमी."

इर्मा आणि सेवीला लोखंडी कठड्यामागे जाऊन उभ्या राहिल्या. मी पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले. टायरात काय घुसलं होतं माहितीय? घोड्याच्या नालेचा खिळा! बग्ग्या रस्त्याच्या कडेने चालतात, खिळे तिथेच सांडतात, आणि ते माझ्या टायरात.

"घे, तुझ्याच घोड्याचा आहे," मी ॲटलीला म्हणाले.

"माझा घोडा या रस्त्याला येत नाही."

"मग तुझ्या मेव्हण्याचा असेल! त्याचा घोडा त्याच्यासारखाच, जाईल तिथे काहीतरी सांडून येतो."

सेवीलासुद्धा हसली, आणि मेव्हणा म्हणजे तिचा सख्खा भाऊ.

चाक जमिनीवर असतानाच मी आठही नट जरा जरा ढिले केले. आधी गाडी उचलली तर चाक नुसतं गरगरतं. मग जॅक, मग चाक बाहेर, मग स्टेपनी. स्टेपनीची हवा कुणी बघत नाही, ऐन वेळी तीही बसलेली निघते. पण मी दर महिन्याला गाडीखाली लोळून तिची हवा मोजते, लोक हसले तर हसोत. स्टेपनी टणक होती. नट हाताने बसवले, गाडी खाली घेतली, पाना लावला, आणि तेवढ्यात फोन वाजला. हॉस्पिटलचाच. गिरणीच्या भिंतीशी आवाज तुटत होता, म्हणून मी चढावर वर जायला निघाले.

"ॲटली," मी म्हणाले, "नट मी हाताने बसवलेत. आता समोरासमोरचे घेत घेत जोर लावून आवळ. हलेनासे होईपर्यंत."

"आवळतो," तो म्हणाला.

फोनवर त्याच सकाळच्या बाई होत्या. कुठे पोचलात, डॉक्टर विचारतायत. मी सांगितलं, टायर गेलं होतं, बदललं, निघालोच. त्या म्हणाल्या, आम्ही अजून थोडं थांबू शकतो, पण फार नाही. मी धावत खाली आले. ॲटली पाना गवताने पुसून पिशवीत ठेवत होता.

"झालं?"

"अगदी हवं तसं."

त्या क्षणी मी पिशवीतून पाना परत काढून एकेका नटावर स्वतःचा जोर लावून बघायला हवा होता. दुसरा कुणी असता तर बघितलाच असता. पण ॲटली! उभ्या खोऱ्यात चाकातलं कुणाला कळत असेल तर ते ॲटलीला. मी ठोकळे उचलून आत टाकले, सगळे बसले तशी गाडी हाणली.

मोठ्या रस्त्याला लागलो. ताशी साठ मैलांचा वेग. चाक बदललं की थोडं अंतर गेल्यावर थांबून नट पुन्हा आवळून बघायचे, हा माझा नेम आहे. नवं बसवलेलं चाक जरा चालल्यावर जागेवर बसतं आणि नट सैल पडू शकतात. मी म्हणाले, "पुढच्या पेट्रोल पंपाला दोन मिनिटं थांबते."

ॲटली समोर बघतच म्हणाला, "वांडा, आज नको. वेळ नाही. मी माझ्या हाताने केलंय."

इतक्या वर्षांत या माणसाने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. गाडी उशिरा आली तरी चकार शब्द नाही. आणि आज पोरीच्या जिवासाठी तो एवढंच मागत होता. माझा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच राहिला. पंपाची पाटी आली. मी ती सोडून देणार होते. खरं सांगते, देणारच होते.

आणि सीटखालून काहीतरी टकटकलं. फार नाही. एखादं भांडं डब्यात हलावं तेवढंच. पण बुड सीटला चिकटवून जन्म काढलाय मी, माझी गाडी कशी बोलते ते मला कळतं.

"मी थांबतेय," मी म्हणाले आणि गाडी आत घेतली.

उतरून मागे गेले. वाकले. पहिल्या नटाला हात लावला आणि तो फिरला. पान्याने नाही हो, बोटांनी! माझ्या या दोन बोटांनी! दुसरा, तोही फिरला. तिसरा. चौथा. आठच्या आठ. त्यातला एक तर शेवटच्या आट्यावर लोंबत होता, अजून जरासं अंतर गेलो असतो तर रस्त्यावर पडला असता. मी तिथे डांबरावरच बसले. पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

"ॲटली!" मी एवढ्या जोराने ओरडले की पेट्रोल भरणारी माणसं वळून बघायला लागली. "काय केलंस तू हे? आवळलेस कुठे?"

तो शांतपणे खाली उतरला. "आवळले ना. चांगले घट्ट आवळले, आणि मग प्रत्येक थोडा मागे घेतला."

"मागे घेतला?"

"मग? चाक मोकळं फिरायला नको? फार आवळलं की आत घासतं, तापतं, जळतं. एवढ्या घाईचा प्रवास आहे, म्हणून जरा जास्तच मोकळं ठेवलं."

मी कपाळावर हात मारून घेतला. अहो, बग्गीच्या चाकाला मधोमध एक मोठा नट असतो. तो आवळायचा आणि थोडा मागे घ्यायचा, नाहीतर चाक आखडतं. त्याचा हात जन्मभर तेच करत आला. आणि आज त्याने माझ्या चाकाचे आठही नट, मायेने, काळजीने, एकेक करून सैल केले होते!

"अरे देवा! ॲटली, हे चाक या नटांवर फिरत नाही. फिरायचं ते आत, वेगळं आहे. हे नट नुसते चाक गाडीला धरून ठेवतात. हे सुटले की चाक सुटलं!"

"म्हणजे चाक..."

"निघून गेलं असतं! साठच्या वेगाने! आणि इर्मा बरोबर त्याच्यावर बसलीय!"

त्याने हॅट काढली आणि पोटाशी धरून उभा राहिला. मला त्याच्याकडे बघवेना. पाना घेतला आणि दात-ओठ खात, पायाचा जोर देत, समोरासमोरचे नट आवळले, आणि मग पुन्हा सगळे आवळले. चाकाची भोकं झिजून लांबट तर झाली नाहीत ना, तेही बघितलं. देवाची कृपा, नव्हती झाली. तोंडाने मी काय काय बोलत होते ते इथे सांगत नाही.

पोचलो. वेळेत पोचलो. त्या सकाळच्या बाई दारातच उभ्या होत्या, त्यांना बघून मला रडूच फुटलं.

इर्माला हॉस्पिटलचे कपडे घालून खाटेवर निजवलं. हाताला सुया लावल्या. डोक्यावर त्यांच्या बायका घालतात ती पांढरी टोपी नव्हती, केस मोकळे, ती एकदम शाळकरी पोरीसारखी दिसत होती. आम्हा तिघांना भेटायला आत सोडलं. ॲटली खाटेशी गेला. या लोकांचं एक आहे, चूक झाली की ती तोंडाने कबूल केल्याशिवाय त्यांना पुढचं पाऊल टाकवत नाही.

"इर्मा," तो म्हणाला, "आत जायच्या आधी तुला सांगायलाच हवं. चाकाचे नट मी सैल केले होते. मला वाटलं मी बरोबर करतोय. तू मेली असतीस आज, माझ्या हाताने. मला माफ कर."

इर्मा त्याच्याकडे बघून हळूच म्हणाली, "मला माहीत होतं, डॅट." बापाला ते डॅट म्हणतात.

"काय माहीत होतं?" हे मी विचारलं. मधे पडायचं कारण नव्हतं, पण मी पडले.

"कठड्यामागून दिसत होतं. वांडा, तुम्ही आवळता आणि तिथेच थांबता. मी कितीदा बघितलंय. डॅटनी मागे घेतले. उलटे."

"आणि तू बघत उभी राहिलीस? गप्प?"

"डॅट चाकं बनवतात," ती म्हणाली. एवढंच. जणू यात सगळं आलं.

"अगं पोरी, शाळामास्तरीण ना तू! जीव गेला असता तुझा! आमचा सगळ्यांचा! एक शब्द बोलायला काय झालं होतं?"

"परक्यांसमोर डॅटना चुकलात म्हणायचं?" तिने विचारलं, आणि तिला मी दुखावले जाईन असं वाटलंही नाही, इतकं साधं विचारलं. परकी! आठवड्यातून तीनदा हिला नेते-आणते, हिच्या उलट्या निस्तरते, आणि मी परकी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण सुया लावलेल्या माणसावर किती ओरडणार?

"मला वाटलं, तुम्ही पुढे थांबताच नेहमी," ती म्हणाली. "थांबलात की तुम्हालाच कळेल. मग मला बोलावं लागणार नाही."

"आणि हा म्हणाला थांबू नको, तेव्हा?"

"तेव्हा मी देवाला म्हणत होते, वांडांना थांबव."

"देवाला सांगितलंस! मी चार सीटा पुढे बसले होते, मला सांगायला काय झालं होतं?"

ॲटली खाटेची कड आपल्या जाडजूड हातांनी घट्ट धरून उभा होता. पंपावर तो घाबरला होता, पण आत्ताचं हे काही वेगळंच होतं. नर्स आली, म्हणाली चला, आणि खाट ढकलत घेऊन गेली. इर्माने जाताना बापाकडे बघून हात हलवला.

आम्ही बाहेर जाऊन बसलो. सेवीलाने पिशवीतून पाव आणि चीज काढलं, मला दिलं, ॲटलीपुढे धरलं. त्याने घेतलं नाही. तो भिंतीकडे बघत बसला होता. बराच वेळ गेल्यावर एकदाच माझ्याकडे वळला.

"वांडा, मी कधी कुणावर ओरडलोय?"

"नाही."

"पोरांवर हात उगारलाय?"

"नाही रे. तू? कधीच नाही."

"मग ती मला का भ्याली?"

सेवीला मांडीवरचे पावाचे तुकडे वेचून रुमालात गोळा करत होती.

दुपार कलली आणि सर्जन बाहेर आली. हसतच आली. सगळं नीट झालं, किडनीने तिथेच काम सुरू केलं, म्हणाली. मी तिला मिठीच मारली, तिला आवडलं की नाही देव जाणे. सेवीलाने डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत काही म्हटलं. ॲटलीने फक्त मान हलवली. सर्जन गेली, तरी तो उभाच होता. मग तो सेवीलासमोर जाऊन बसला, गुडघ्याला गुडघा लावून.

"सेवीला, तूही कठड्यामागेच उभी होतीस."

तिने पावाच्या रुमालाला गाठ मारली.

"तुलाही दिसलं?"

"दिसलं," ती म्हणाली.

"ते चुकीचं आहे, हे कळलं होतं?"

"पुरतं नाही. पण वांडा कधी तसं करत नाही, एवढं कळलं होतं."

मी काही बोलायला तोंड उघडलं, पण ॲटलीने माझ्याकडे न बघताच हात वर केला आणि मी गप्प झाले.

"सेवीला," तो म्हणाला, "आपली इर्मा त्या चाकावर बसली होती."

"हो," सेवीला म्हणाली. "म्हणून तर मी मागे जाऊन तिच्याशेजारी बसले."